तापीच्या उतारावरील मंडप : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

चोपडा तालुक्यातील तापीकाठच्या एका गावाने घाटावरील जुना मंडप उतरवून त्या जागी नवा उभारण्याचे ठरवले असून मोजणी, आराखडा आणि देखरेख ही तिन्ही कामे माझ्याकडे सोपवली आहेत. आज पहिली पाहणी केली. पावसाळा संपून महिना उलटला, तरी घाटाच्या खालच्या सात पायऱ्यांवरचा गाळ अजून निघालेला नाही; तो वाळून त्याचे पापुद्रे सुटले आहेत. मंडप त्याच्या वर, काळ्या दगडाच्या जोत्यावर उभा आहे. पाच खण (दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण) लांब, तीन खण रुंद आणि चारही बाजूंनी मोकळा. खण सहा फुटांचा धरला, म्हणजे ३० बाय १८ फूट आणि एकूण २४ खांब. छपराला पत्रे आहेत, पण निम्मे उडाले आहेत, आणि उरलेले वाऱ्याची झुळूक आली तरी वाजतात.

हा मंडप मूळचा उताराचा, म्हणजे नावेने नदी उतरून जाण्याच्या जागेचा. नदीवर पूल नव्हते तेव्हा पलीकडच्या अमळनेर तालुक्यात जाणारी माणसे, कापसाचे गाठोडे घेतलेले शेतकरी आणि माहेरी निघालेल्या लेकी नाव लागेपर्यंत येथे बसत असत. नाव बंद झाली, तरी मंडपाची गरज संपली नाही. दहाव्याच्या विधीला आलेली मंडळी येथेच थांबतात, श्रावणात कानबाई, ही खानदेशातील घरोघर बसणारी देवी, विसर्जनाला निघाली की तिचा शेवटचा विसावाही येथेच होतो, आणि रोज संध्याकाळी गावातील म्हातारी माणसे येथेच टेकतात. मंडप बदलताना यांपैकी एकही वापर तुटता कामा नये, ही अट गावाच्या समितीने न सांगताच मी माझ्या वहीत पहिली लिहिली आहे.

१९ नोव्हेंबर २०२४

खांबांची तपासणी पूर्ण झाली. प्रत्येक खांब बुंध्याशी, कमरेच्या उंचीवर आणि हस्ताच्या (खांबाच्या डोक्यावरच्या, तुळई पेलणाऱ्या आडव्या लाकडाच्या) खाली अशा तीन ठिकाणी हातोडीने ठोकून आवाज ऐकला आणि बुंध्यात टोकदार सळई रोवून पाहिली. चोवीसपैकी सतरा खांब अंजनाचे असून त्यांत सळई दोन सूतही शिरत नाही. उरलेले सात कडुनिंबाचे आहेत. ते नंतर कधीतरी बदललेले असावेत आणि त्यांचे बुंधे वाळवीने आतून पोखरलेले आहेत. ‘मंडप कुजला’ असे गावात सर्रास म्हटले जाते, परंतु कुजले आहेत ते सात खांब, मंडप नव्हे.

वरच्या अंगाच्या, म्हणजे प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडच्या कोपऱ्यातील खांबावर जमिनीपासून दोन फुटांवर बोटभर खोल खाच आहे. सुरुवातीला मला ती करवतीची वाटली. हात फिरवल्यावर कळले की तिच्या कडा गोल आणि गुळगुळीत आहेत. करवतीने अशी कड येत नाही. चढत्या पाण्यात नाव ओढून आणून या खांबाला बांधत असत आणि वर्षानुवर्षे ताण बसून दोरानेच ही खाच पाडली आहे. अंजनासारख्या लाकडात दोराने बोटभर खाच पडायला किती पावसाळे जावे लागले असतील, या विचाराने मी बराच वेळ तेथे थांबलो. हा खांब काहीही झाले तरी त्याच कोपऱ्यात परत उभा राहील.

३ डिसेंबर २०२४

आजची नोंद सविस्तर करत आहे, कारण या प्रकल्पाची दिशा आज ठरली.

सांधे ढिले का झाले, हे मला दोन आठवडे उलगडत नव्हते. लाकूड उत्तम, जोते पक्के, एकही उथळा, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, खचलेला नाही. तरीही तुळया हस्तांवरून बोट-दोन बोटे सरकल्या आहेत आणि खांबांच्या डोक्यावरची कुसे (सांध्यात बसणारी तासलेली टोके) त्यांच्या खोबणींत खेळतात. आज आमचे ज्येष्ठ सुतार, ज्यांना सगळे गाव आबा म्हणते, घाटावर आले. मी खांब कुजल्याचा विषय काढताच त्यांनी जवळच्या खांबावर पंजा आपटला आणि म्हणाले, “हाई अंजननं लाकूड शे, भाऊ, आखो पन्नास वरीस टिकी.” त्यानंतर त्यांनी जे सांगितले त्यात माझ्या प्रश्नाचे उत्तर होते. त्यांच्या लहानपणी या मंडपावर पत्रे नव्हते, धाबे होते.

खानदेशातील जुन्या घरांचे धाबे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची रचना सांगायला नको, पण नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. तुळयांवर सरे, म्हणजे बारीक आडवी लाकडे, सऱ्यांवर किलचणाच्या काटक्या दाटीने रचलेल्या, त्यांवर पाला, पाल्यावर चिखलाचा गारा आणि सर्वांत वर खारी माती. ही पांढरट माती पाण्याने फुगून आपल्या भेगा आपणच बुजवते आणि म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी तिचा नवा थर पसरला, तर सपाट छप्परही गळत नाही. आबांनी हाताने दाखवलेली जाडी फूटभर भरते. दाबून बसवलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १.७ टन धरले, तर दर चौरस मीटरवर ५१० किलोंच्या आसपास भार येतो आणि ५० चौरस मीटरच्या या छपरावर एकूण २५ टन होतात.

खांब उथळ्यांवर नुसते उभे आहेत. बुंध्याचे इंचभर कुसू दगडातील खळग्यात बसते, एवढाच त्यांचा जमिनीशी संबंध. खिळा नाही, पट्टी नाही, पुरलेला भाग नाही. अशी चौकट उभी राहते ती वरच्या ओझ्यामुळे; २५ टन वजन प्रत्येक कुसू त्याच्या खळग्यात आणि प्रत्येक तुळई तिच्या हस्तावर दाबून धरते. धाबे काढून त्याजागी पत्रा टाकला तेव्हा छपराचे वजन चौरस मीटरला पाच-सहा किलोंवर आले. आता वाऱ्याचा हिशेब करू. सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला ९०० न्यूटनांहून अधिक, सुमारे ९० किलो वजनाइतका दाब देतो, आणि चारही बाजूंनी मोकळ्या मंडपात वारा खालून शिरून छप्पर वर उचलतो. याच्या निम्म्या वेगालाही दाब चौथाई होतो, म्हणजे २३ किलो. पत्र्याचे वजन त्याच्याही चौथाईच आहे. प्रत्येक वैशाखातील वादळाने हा मंडप थोडा उचलला आणि पुन्हा खाली टाकला. सांधे झिजले ते असे.

मंडप म्हातारा झाला म्हणून पडायला आलेला नाही. त्याच्या डोक्यावरचे वजन काढून घेतले, तेव्हापासून तो मोडू लागला. पत्रा टाकणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता: दरवर्षी खारी पसरायला माणसे मिळेनाशी झाली आणि पत्रा स्वस्त होता. परंतु त्या दिवशी कोणीतरी खांबांखाली वाकून कुसे पाहिली असती, तर प्रत्येक बुंध्याला एक लोखंडी खुंटी देऊन हे सगळे टळले असते.

११ डिसेंबर २०२४

पूररेषेचा नकाशा पाहिला. जोते निळ्या रेषेच्या, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आत आहे. तेथे नवे बंदिस्त बांधकाम करता येत नाही. जुन्या जोत्यावर, जुन्याच मापात, मोकळा मंडप दुरुस्त करण्यापुरता अर्ज तयार केला.

२८ डिसेंबर २०२४

समितीची बैठक झाली. काही सदस्यांना सिमेंटचे, भिंती आणि शटर असलेले सभागृह हवे होते. त्यांची अडचण खरी आहे; लग्नकार्याला गावात जागा नाही. तरीही मी स्पष्ट विरोध केला. पूररेषेचे कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की भिंत नसल्यामुळेच हा मंडप आजवर टिकला. १९६८ च्या ऑगस्टमधील तापीचा पूर सुरतेपर्यंतची माणसे विसरलेली नाहीत. तापीवरचे हतनूरचे धरण आणि त्याचे ४१ दरवाजे तेव्हा नव्हते. त्या पुराचे पाणी मंडपात खांबाच्या निम्म्यापर्यंत आले होते असे गावातील वडीलधारी सांगतात. ते एका बाजूने आले आणि दुसऱ्या बाजूने गेले. भिंत असती तर ते अडले असते आणि भिंतीसकट गेले असते.

पाण्याकाठची मोकळी वास्तू बदलताना इतरांनी काय केले, हे मी गेले काही आठवडे वाचत आहे, आणि त्यातील एक उदाहरण बैठकीत सांगितले. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिस्टलच्या आखाताशी, वेस्टन-सुपर-मेअर नावाचे गाव आहे. भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत जगातील सर्वांत मोठा फरक जेथे पडतो अशा किनाऱ्यांपैकी तो एक. तेथे १९०४ मध्ये समुद्रात लांबवर जाणारा धक्का बांधला आणि त्यावर मनोरंजनाचा मंडप उभारला. तो १९३० मध्ये जळाला. १९३३ मध्ये दुसरा झाला. तो २००८ च्या जुलैमध्ये जळाला. तिसरा २०१० च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला. तिन्ही मंडप दिसायला वेगवेगळे, काळही वेगवेगळा, पण लोक तिन्ही वेळा त्याच धक्क्यावरून चालत त्याच टोकाला जात राहिले. याउलट इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटनच्या पश्चिम धक्क्याची गोष्ट आहे. तो १८६६ चा. १९७५ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला, दुरुस्तीचा निर्णय लांबत गेला, खारे वारे आणि लाटा लोखंड खात राहिल्या, २००२ च्या अखेरीस त्याचा काही भाग कोसळला आणि २००३ मध्ये दोनदा आग लागली. आज समुद्रात त्याचा नुसता सांगाडा उभा आहे. बदललेली वास्तू राहिली आणि बदलायची ठेवलेली गेली, एवढाच या दोन गोष्टींतील फरक.

त्याच दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिलचा १९३५ चा मंडपही मी सांगणार होतो. एरिक मेंडेलसोन आणि सर्ज शेरमायेफ यांनी वेल्डिंग केलेल्या पोलादी सांगाड्यावर तो बांधला, आणि खाऱ्या हवेत त्याची जी झीज झाली ती भरून काढून २००५ मध्ये तो पुन्हा उघडला गेला. पण तोपर्यंत पाण्याच्या पाळ्यांचा विषय निघाला होता आणि निम्मी बैठक उठली होती. निर्णय मात्र झाला: जोते आणि उथळे तसेच ठेवायचे, चांगले खांब परत वापरायचे, छप्पर पुन्हा वजनदार करायचे. खर्च लोकवर्गणीतून.

१६ जानेवारी २०२५

संक्रांत झाल्यावर मंडप उतरवायला सुरुवात केली. पत्रे एका सकाळीत निघाले. तुळया उतरवताना दोन प्रकारचे खिळे सापडले. काही चौकोनी, हाताने घडवलेले, टोकाकडे निमुळते. आणि काही गोल, यंत्रावर ओढलेल्या तारेचे. गोल खिळे फक्त कडुनिंबाच्या खांबांवरच्या सांध्यांत आहेत. म्हणजे सात खांब बदलले गेले ते एकाच दुरुस्तीत. दोन्ही प्रकारचे खिळे वेगवेगळ्या डब्यांत ठेवले.

२३ जानेवारी २०२५

आबांनी अंजनाच्या एका खांबाच्या डोक्यावरून तासलेला ढलपा आणि कडुनिंबाचा तेवढाच तुकडा शाळेच्या पोरांसमोर पाण्यात टाकला. कडुनिंब तरंगला. अंजनाचा ढलपा सरळ तळाशी गेला. हे लाकूड पाण्याहून जड असते. पोरांनी तो पुन्हा पुन्हा काढून टाकून पाहिला. पुरात हा मंडप वाहून का गेला नाही, याचे निम्मे उत्तर छपरात होते आणि निम्मे या ढलप्यात आहे.

५ फेब्रुवारी २०२५

एक चूक झाली असून ती माझी आहे. उतरवलेल्या प्रत्येक खांबावर आणि हस्तावर आम्ही खडूने क्रमांक घातले होते. तेल लावण्यापूर्वी खांब धुऊन घ्या, असे मी काल सांगितले आणि सायंकाळी परतलो तेव्हा सगळे खांब स्वच्छ, ओले आणि क्रमांकाविना ओळीने मांडलेले होते. कोरीव खुणा करायला हव्या होत्या, हे मला ठाऊक असायला हवे होते.

आजचा दिवस आणि उद्याचाही जुळवणीत जाणार. प्रत्येक कुसू जुन्या सुताराने हाताने काढलेले असल्यामुळे कोणतीही दोन सारखी नाहीत; कुसू खळग्यात बसवून, छायाचित्रातील गाठी आणि चिरा ताडून खांब ओळखावे लागत आहेत. दोराची खाच असलेला खांब तेवढा आपणहून ओळखू येतो. आता क्रमांक पटाशीने डोक्यावर, हस्ताखाली झाकले जातील असे कोरले जात आहेत.

१० मार्च २०२५

कुसे जुळवताना जे ध्यानात आले ते आज उथळे साफ केल्यावर पक्के झाले. चोवीस उथळ्यांपैकी दहांचे खळगे चौकोनी आहेत आणि अंजनाची चौकोनी कुसे त्यांत चपखल बसतात. उरलेल्या चौदांचे खळगे गोल आहेत. गोल खळग्यात चौकोनी कुसू बसवून भोवतीची पोकळी लाकडी पाचरींनी भरली होती. कोणताही सुतार आपल्या मंडपासाठी गोल खळग्याचे दगड मागवून त्यांत चौकोनी कुसे ठोकणार नाही. हे चौदा दगड आणखी जुन्या मंडपाचे आहेत. उत्तरेच्या कडेची फरशी उचलल्यावर खाली जोत्याचा आणखी एक थर दिसला आणि त्यात आजच्या खणांशी न जुळणाऱ्या अंतरावर तीन रिकाम्या बैठकी मिळाल्या.

ज्याला आपण जुना मंडप म्हणत होतो, तोही बदलून आलेला आहे. त्याच्या सुताराने आपल्या आधीच्या माणसाचे दगड टाकून दिले नाहीत, पाचरी मारून वापरले. मला हे वाचून कळले नव्हते, वेस्टनच्या धक्क्यावरूनही कळले नव्हते. ते या चौदा दगडांनी दाखवले.

गावात हा घाट अहिल्याबाईंनी बांधला असे सांगतात. तापी-नर्मदेच्या काठी जिथे पायऱ्या आहेत तिथे त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे, परंतु कागद हाती आल्याशिवाय ते फलकावर कोरू नये, असे मी समितीला कळवले. फलकावर दोन्ही प्रकारच्या उथळ्यांचे चित्र असावे, अशी माझी सूचना आहे.

७ एप्रिल २०२५

चौकट उभी राहिली: सतरा जुने खांब आणि सागाचे सात नवे. प्रत्येक बुंध्यात आणि उथळ्यात स्टेनलेस स्टीलची खुंटी बसवली आहे, म्हणजे पुढे कोणी पुन्हा छप्पर हलके केले, तरी खांब उचलला जाणार नाही.

धाब्याबद्दल मला मन मोडावे लागले. खारी माती अजून मिळते, पण ती दर उन्हाळ्यात पसरण्याची जबाबदारी घ्यायला गावात कोणी पुढे आले नाही, आणि जे पाळले जाणार नाही ते छपरावर घालणे म्हणजे त्याच चुकीची पुनरावृत्ती. म्हणून किलचणाऐवजी सागाच्या फळ्या आणि त्यांवर चुन्यात विटांच्या तुकड्यांचा सहा इंची कोबा घ्यायचे ठरले. त्याचे वजन चौरस मीटरला २७० किलोंच्या घरात जाते. धाब्याच्या जवळपास निम्मे, पण वाऱ्याच्या तिप्पट.

२२ एप्रिल २०२५

कोबा पडला. विझवून भिजत ठेवलेला चुना, सुरखी (विटांची भुकटी), विटांचे तुकडे, आणि गूळ व हिरडा रात्रभर भिजवलेले पाणी. तीन दिवस ओळीने बसून बायका आणि पुरुष थाप्यांनी तो ठोकत आहेत. पहिल्या दिवशी थापीचा आवाज ओल्या मातीवर पाय पडावा तसा येत होता. आज दुपारनंतर तो बदलला. थापी हातात परत उडू लागली आणि टणक आवाज घाटाखालपर्यंत ऐकू आला. आबांनी तेवढे ऐकून हात वर केला आणि ठोकणे थांबले.

या उन्हात चुना वाळला तर फुटतो. गोणपाटे कमी पडली म्हणून शेजारच्या बागांतून केळीची पाने आणून त्यांचा जाड थर अंथरला आहे आणि दिवसातून चार वेळा पाणी मारले जात आहे.

३० एप्रिल २०२५

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. काम बंद. माहेरवाशिणी झोके सोडून मंडप पाहायला आल्या होत्या. पूर्वी मधल्या तुळईला झोका बांधत, असे त्यांपैकी एका आजींनी सांगितले आणि आता बांधता येईल का, असे विचारले. तुळई पेलेल. पुढच्या आखाजीसाठी दोन कड्या बसवायच्या, अशी नोंद करून ठेवली.

१४ मे २०२५

काल सायंकाळी वादळ झाले. आसपासच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या आहेत आणि शेतकऱ्यांचे हाल पाहवत नाहीत. सकाळी मंडपाच्या सर्व चोवीस सांध्यांवर आधीच मारून ठेवलेल्या पेन्सिलच्या रेषा तपासल्या. एकही रेष सरकलेली नाही.

४ ऑगस्ट २०२५

काल घरोघर कानबाई बसली होती, आज विसर्जन. सकाळी नऊपासून वाजतगाजत चौरंग येऊ लागले. हतनूरमधून पाणी सोडल्यामुळे नदी वर होती आणि खालच्या पाच पायऱ्या पाण्यात होत्या, त्यामुळे मंडपात गर्दी नेहमीहून जास्त झाली. कोणीही न सांगता बायकांनी चौरंग मधल्या खणात टेकवला, जिथे तो दरवर्षी टेकतो. एका मुलाने दोराच्या खाचेत बोट घालून खांबाभोवती फेऱ्या मारल्या.

दुपारी सर पडली तेव्हा वायव्य कोपऱ्यातील पन्हळीच्या मुळाशी पाणी झिरपताना दिसले. कोबा आणि दगडी पन्हळ यांच्या सांध्यात चुना नीट भरलेला नाही. पावसाळ्यात तो सांधा उकरण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर तो मोकळा करून पुन्हा भरायचा, आणि उरलेल्या तीन पन्हळींचे सांधेही त्याच वेळी उघडून पाहायचे.